शिफ्ट नाही म्हणून पगारही नाही: यूकेतल्या केअर वर्करचा हक्क काय?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची नाशिकची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. २०२३ च्या शेवटी हेल्थ अँड केअर व्हिसावर इंग्लंडला आले, मिडलँड्समध्ये. काम डोमकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन आंघोळ घालायची, औषधं द्यायची, जेवण गरम करून द्यायचं. सीओएसवर (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, व्हिसासाठी कंपनीने दिलेला दाखला) आठवड्याचे साडेसदतीस तास आणि वर्षाला २०,९६० पौंड असं स्पष्ट लिहिलंय. सुरुवातीला काम बऱ्यापैकी मिळत होतं. आता रविवारी रात्री अ‍ॅपवर रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, पडतो आणि उघडायची भीती वाटते. सोमवारी सकाळी सातचा अर्ध्या तासाचा एक कॉल (म्हणजे घरभेट), मग थेट संध्याकाळी सहाचा. मधले दहा तास रिकामे. मंगळवार कोरा, बुधवार कोरा. आठवड्याचे बारा तास भरले तरी डोक्यावरून पाणी. महिनाअखेरीस पैसे तेवढ्याच तासांचे.

मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, कौन्सिलकडून (इथल्या पालिकेकडून) नवीन पॅकेजेस (सांभाळायची नवी माणसं) येत नाहीत, मी काम कुठून आणू? शिवाय तू गाडी चालवत नाहीस. आणि मग हसत हसत, "खूश नसशील तर सांग, होम ऑफिसला कळवून मोकळं करतो तुला." होम ऑफिस म्हणजे इथलं व्हिसा देणारं सरकारी खातं.

इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक करार सहीला पुढे केला होता. त्यात 'किमान तासांची हमी नाही' अशी ओळ आहे. नवरा डिपेंडंट व्हिसावर आहे, त्याच्या वेअरहाउसच्या पगारावर घरभाडं जातंय म्हणून निभावतंय. न दिलेल्या तासांचा पगार मागायचा हक्क मला आहे का? आणि मागितला तर व्हिसा जाईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिडलँडचा मावळा

ताई, तुमच्यासारख्या चार-पाच जणी आमच्या ओळखीतच आहेत. प्रामाणिक सल्ला देतो: भांडायला जाऊ नका. गुपचूप दुसरा स्पॉन्सर (व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी) शोधा, तो मिळाला की राजीनामा टाका आणि सुटा. पाण्यात राहून माशाशी वैर नको.

पेस्लिप

मावळेभाऊंच्या सल्ल्यातला दुसरा स्पॉन्सर शोधायचा भाग बरोबर आहे. 'गुपचूप' मात्र पटलं नाही. मी इथे पगार विभागात काम करते. केअर कंपन्यांची पेरोल जवळून बघितलीय, म्हणून जरा लांब लिहिते.

या देशात कराराने ठरलेला पगार न देणं म्हणजे पगारातून बेकायदा कपात, एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट १९९६ चं कलम १३. तुम्ही काम नाकारलं नाही, आजारी नव्हता, रजेवर नव्हता, मालकाकडेच काम नव्हतं, तर ती जोखीम मालकाची. कौन्सिलने पॅकेजेस दिली नाहीत हे त्याचं धंद्याचं दुखणं, ते तुमच्या पेस्लिपवर उतरायचं कारण नाही. फक्त तुम्ही कामाला तयार होता हे दाखवता आलं पाहिजे, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. सगळं फोनवर बोलणं, पुरावा शून्य.

तेव्हा आजपासून हे करा. दर रविवारी रोटा पडला की स्क्रीनशॉट. लगेच मॅनेजरला ईमेल, चार ओळींचा: 'या आठवड्यात मला इतके तास दिले आहेत. माझे ठरलेले तास साडेसदतीस आहेत. उरलेल्या सर्व तासांसाठी मी उपलब्ध आहे आणि कामाला तयार आहे.' रागलोभ नको, टोमणे नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या मेलवर ठेवा. कंपनीने दिलेल्या फोनवर काहीही ठेवू नका, नोकरी गेली की फोनही जातो.

'हमी नाही' वाल्या ओळीबद्दल. सीओएस म्हणजे नोकरीचा करार नव्हे, हे खरं. पण कंपनीने होम ऑफिसला काय सांगून तुम्हाला आणलं याचा तो लेखी पुरावा आहे. ऑफर लेटर असेल तर सोन्याहून पिवळं. ट्रायब्युनल (इथलं कामगार न्यायालय) मागाहून सही करून घेतलेला एकच कागद बघत नाही, खरोखर काय ठरलं होतं ते बघतं. शिवाय स्पॉन्सरशिपच्या नियमांत हमी असलेलाच पगार धरतात. म्हणजे 'तास देईन तेव्हा देईन' म्हणणारी कंपनी एक तर होम ऑफिसशी खोटं बोलली किंवा तुमच्याशी.

२०२४ मध्ये याच प्रकारचं एक प्रकरण लंडनला एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलसमोर आलं होतं. भारतातून आलेला माणूस, केअर व्हिसा, कंपनीने पूर्ण वेळ काम दिलंच नाही, मागितलं तर काढून टाकलं. ट्रायब्युनलने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि कामाला तयार असतानाच्या काळाचा थकलेला पगार द्यायला लावला. तो निकाल इतर ट्रायब्युनल्सवर बंधनकारक नाही, पण दार उघडं आहे हे कळतं.

मुदत मात्र कडक आहे. शेवटच्या कपातीपासून तीन महिने उणे एक दिवस. त्याआधी एकॅस या नोकरीतले तंटे मिटवणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनची, म्हणजे दाव्याआधीच्या तडजोडीची, नोंद करावीच लागते, तेवढा काळ घड्याळ थांबतं. दोन्हीला फी नाही. मागे जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत जाता येतं.

तिरकस

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जीएनएम झालेली बाई केअर वर्कर म्हणून जाते, वर एजंटला दहा-पंधरा लाख मोजते, आणि मग हक्क आठवतात. तिकडे जायच्या आधी कंपनीचं नाव गुगल करता येत नव्हतं?

गोदाकाठची

@तिरकस, कंपनीची वेबसाइट होती, सरकारी स्पॉन्सर यादीत नाव होतं, सीक्यूसी (केअर कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नोंदणी होती. यापलीकडे सटाण्यात बसून काय बघायचं ते सांगा, पुढच्यांना उपयोग होईल. एजंटचा विषय वेगळा आहे, तो या धाग्यात नको.

@पेस्लिप, खूप खूप धन्यवाद. या रविवारपासून ईमेल चालू.

घाटावरचा

एजंटचा विषय वेगळा नाही ताई, थोडं लिहितोच. भारतातून परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, एमिग्रेशन अ‍ॅक्ट १९८३ प्रमाणे. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव तपासता येतं. त्याला उमेदवाराकडून घेता येणारी कमाल रक्कम ३०,००० रुपये अधिक जीएसटी. बाकी सगळं बिनपावतीचं. आणि यूकेच्या बाजूला ३१ डिसेंबर २०२४ पासून स्पॉन्सरला लायसन्सची आणि सीओएसची फी कामगाराकडून वसूल करता येत नाही. स्किल्स चार्ज (परदेशी कामगार घेताना मालकाने सरकारला द्यायची रक्कम) तर कधीच वसूल करता येत नव्हता. पगारातून असलं काही कापत असतील तर तेही त्याच दाव्यात घाला.

तिरकसराव, तुमच्या माहितीसाठी. खुद्द ब्रिटिश सरकारने जाहीर केलंय की जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ मध्ये केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त स्पॉन्सर लायसन्सं रद्द झाली. त्यांच्याशी जोडलेले कामगार ३९,००० च्या वर. एवढे सगळे गुगल न करणारे होते काय?

तिरकस

आकडा माहीत नव्हता. 'आधी बघावं' हे माझं म्हणणं कायम.

बँड फाइव्ह

मी एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) स्टाफ नर्स, मूळ कोल्हापूर. एक फरक सांगते, कारण आमच्या वॉर्डातही याच विषयावर रोज कालवा असतो.

एनएचएस बँकेवर (गरजेपुरतं बोलवायच्या लोकांची यादी) नाव असणाऱ्यांना शिफ्ट नाही तर पैसे नाहीत, आणि त्यात बेकायदा काही नाही. बँक म्हणजे दोघांनाही बंधन नाही: त्यांनी शिफ्ट द्यायलाच हवी असं नाही, आपण घ्यायलाच हवी असंही नाही. सध्या बऱ्याच ट्रस्टनी (एनएचएसचे दवाखाने चालवणाऱ्या संस्थांनी) बँकेवरचा खर्च आवळलाय, त्यामुळे जे नुसत्या बँकेवर संसार चालवत होते त्यांचे हाल आहेत. त्यांना केलेल्या कामावरची हॉलिडे पे तेवढी मिळते. गोदाकाठची, तुमचं तसं नाही. तुमचे तास ठरलेले आहेत. मॅनेजर लोक हे दोन्ही मुद्दाम कालवतात, "अगं, इथे सगळीकडे असंच असतं." नसतं.

दुसरं, युनिसन या युनियनची मेंबर व्हा. आम्ही नर्सेस बहुतेक आरसीएनमध्ये (नर्सेसची युनियन) असतो, केअर वर्करना युनिसन बरी. फक्त आधीपासून चालू असलेल्या भांडणाला युनियन वकील देईलच असं नाही, म्हणून उद्याच फॉर्म भरा.

तिसरं, कॉलहून कॉलला जायचा वेळ तुमच्या पेस्लिपमध्ये धरतात का? एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जायचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात कामाचा वेळ असतो. घरापासून पहिल्या कॉलपर्यंतचा नाही. बसने जाणाऱ्या मुलींचं इथे फार लुटलं जातं. पंधरा मिनिटांचा कॉल आणि पाऊण तास बसस्टॉपवर.

गोदाकाठची

@बँड फाइव्ह, नाही धरत. कॉल लॉग इन केल्यापासून लॉग आउटपर्यंतच. हे माहीतच नव्हतं.

वऱ्हाडी वकील

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडच्या खाजगी दवाखान्यांत काय वेगळं चाललंय? पेशंट कमी झाले की सिस्टरला दारातून परत पाठवतात, "आज ड्युटी नाही, उद्या ये." नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या किमान वेतन कायद्याच्या कलम १५ मध्ये सरळ लिहिलं होतं की मालकाने काम दिलं नाही म्हणून दिवस अर्धवट राहिला तर पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. महाराष्ट्रात दवाखाने त्या कायद्याच्या अनुसूचीत होते. वाचत होतं कोण? आणि गंमत अशी की तेव्हाच्याच औद्योगिक विवाद कायद्यातली ले-ऑफची (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याची) अर्ध्या पगाराची भरपाई कारखाना, खाण आणि मळा यांनाच लागू होती. दवाखाना 'उद्योग' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलं, पण भरपाईच्या प्रकरणात तो बसत नव्हता. कारखान्यातल्या गड्याला जे मिळू शकत होतं ते आयसीयूतल्या सिस्टरला नाही!

संपादक मंडळ

वऱ्हाडी वकील, विषय महत्त्वाचा आहे, कृपया वेगळा धागा काढावा. इथे चर्चा यूकेपुरती ठेवूया.

मिडलँडचा मावळा

पेस्लिपताईंनी कायदा छान सांगितला, पण माझा मुद्दा राहिलाच. समजा ताई ट्रायब्युनलला गेल्या. कंपनीने स्पॉन्सरशिप काढली. होम ऑफिसचं पत्र आलं, ६० दिवस. त्या ६० दिवसांत नवा स्पॉन्सर नाही मिळाला तर नवरा-बायकोने बॅगा भरायच्या. ट्रायब्युनलची तारीख वर्षभरानंतर. जिंकून काय उपयोग? आणि लायसन्सच गेलं तर त्याच कंपनीतल्या बाकीच्या मुलीही रस्त्यावर.

पेस्लिप

ही भीती खोटी नाही. म्हणूनच मी दोन्ही एकदम चालू ठेवा म्हणते. काही गोष्टी मात्र नीट समजून घेऊ.

६० दिवस नोकरी सुटल्या दिवसापासून मोजत नाहीत, होम ऑफिसने व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र पाठवलं की तिथून मोजतात, आणि ते पत्र यायला कधीकधी बरेच महिने लागतात. त्या भरवशावर बसू नये, पण दुसऱ्या दिवशी विमानात बसवतात असंही नाही.

'होम ऑफिसला कळवतो' ही धमकी दुधारी आहे. पगार कमी केला तर स्पॉन्सरने १० कामाच्या दिवसांत तसं कळवायचं असतं, आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर स्पॉन्सरशिप चालूच ठेवता येत नाही, मॅटर्निटी किंवा आजारपणासारखे अपवाद सोडून. म्हणजे त्याने खरं कळवलं तर आधी तोच अडकतो. म्हणून असे लोक खोटं कळवतात: 'ही कामावर येत नाही.' सलग १० कामाचे दिवस विनापरवानगी गैरहजर, असा रिपोर्ट करायची त्यांना सोय आहे. तुमचा दर रविवारचा ईमेल त्यावरचं उत्तर आहे.

नवीन स्पॉन्सरसाठी: इंग्लंडमध्ये प्रत्येक विभागात इंटरनॅशनल रिक्रूटमेंट पार्टनरशिप आहे, असं अडकलेल्या केअर वर्कर्सना दुसरीकडे जोडून द्यायला सरकारने पैसे दिलेली. ९ एप्रिल २०२५ पासून नवीन माणूस घ्यायचा तर केअर कंपनीला आधी अशा लोकांमध्ये शोधावं लागतं, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर आणणंच बंद झालं. सगळ्यांसाठी वाईट बातमी, पण इथे आधीपासून असणाऱ्यांचा भाव थोडा वाढलाय. एप्रिल २०२५ च्या नियमाप्रमाणे नव्या नोकरीचा पगार किमान २५,००० पौंड आणि तासाला १२.८२ हवा. आणि व्हिसा मंजूर झाल्याशिवाय नव्याकडे एक तासही काम करायचं नाही.

'२० तास दुसरीकडे करता येतात' हे ऐकून कुणी उड्या मारू नका. ती सवलत ठराविक कामांसाठी आहे आणि मूळ स्पॉन्सरकडे काम चालू असेल तरच.

शेवटचं: फोनवर एचएमआरसीचं (इथल्या कर खात्याचं) अ‍ॅप घ्या. मालकाने तुमचा पगार किती म्हणून कळवलाय ते महिन्यानिशी दिसतं. पेस्लिपशी आणि बँकेत आलेल्या रकमेशी ताडून बघा.

गोदाकाठची

अपडेट देते. ईमेल पाठवायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरचं उत्तर आलं: 'तुम्ही देऊ केलेल्या शिफ्ट वारंवार नाकारल्या आहेत.' एकही नाकारली नाही! त्याला लगेच लिहिलं, कोणती तारीख, कोणता कॉल ते सांगा. त्यावर शांतता.

आणि एचएमआरसी अ‍ॅप उघडलं तर चक्रावलेच. गेल्या वर्षीच्या काही महिन्यांत माझा पगार पूर्ण दाखवलाय. बँकेत आलेत निम्म्याहून कमी. पेस्लिप तर त्या महिन्यांच्या मला दिल्याच नव्हत्या, "सिस्टिम बंद आहे" म्हणून.

पेस्लिप

स्क्रीनशॉट. आत्ता, तारखेसह. सोबत त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट. असं करतात कारण होम ऑफिस एचएमआरसीचे आकडे बघतं. कागदावर सगळं गोड दिसावं म्हणून पगार पूर्ण दाखवायचा. तुमच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही: कंपनीने स्वतःच सरकारला लिहून दिलंय की तुम्हाला एवढा पगार देणं होतं. पेस्लिप देणंही कायद्याने बंधनकारक आहे, आणि तासावर पैसे असतील तर तास छापावे लागतात.

आता एकॅसला नोंद करा. आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा जवळच्या लॉ सेंटरमधून एकदा इमिग्रेशनवाल्याशी बोलून घ्या. व्हिसाबद्दल माझं ऐकून काही करू नका, तो माझा प्रांत नाही.

बँड फाइव्ह

तक्रारीनंतर लगेच काढून टाकलं तर लक्षात ठेवा: गैरप्रकार उघड केल्याबद्दल काढलं असं म्हणून अंतरिम दिलासा मागायचा असेल तर नोकरी गेल्यापासून सात दिवसांत अर्ज लागतो. तीन महिने नव्हे, सात दिवस. लंडनच्या त्या केसमध्ये हाच रस्ता धरला होता.

हळदीचं दूध

धागा वाचनखुणेत साठवला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी केअर होममध्ये आहे. एक मजला बंद केला आणि आम्हा तिघींना 'ले-ऑफ'चं पत्र दिलं, करारात तसं कलम आहे म्हणे. मग काहीच मिळत नाही का?

पेस्लिप

@हळदीचं दूध, कलम खरोखर असेल तर पूर्ण पगार मिळत नाही, गॅरंटी पे मिळतो. २०२५-२६ मध्ये तो दिवसाला जास्तीत जास्त ३९ पौंड होता, तोही तीन महिन्यांत पाचच दिवस. महिनाभर तरी नोकरी झालेली हवी. तुटपुंजा आहे, मान्य. म्हणून आधी करार उघडून कलम स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. 'म्हणे'वर जाऊ नका. कलम नसेल आणि तुम्ही नव्याने मान्यता दिली नसेल तर पूर्ण पगार. व्हिसावर असाल तर विनावेतन चार आठवड्यांच्या पुढे गेलं की स्पॉन्सरशिपचा प्रश्न येतो, तेव्हा लवकर हालचाल करा.

तिरकस

एक गंभीर प्रश्न, खरंच. कंपनीच बुडाली तर ट्रायब्युनलचा आदेश घेऊन काय करायचं?

पेस्लिप

@तिरकस, या वेळी प्रश्न रास्त आहे. रीतसर दिवाळखोरी झाली तर सरकारच्या रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडून थकलेला पगार मिळतो, जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा, आठवड्याला कमाल मर्यादेत (२०२५-२६ मध्ये ती ७१९ पौंड होती). पण डायरेक्टर ऑफिसला कुलूप लावून नुसता गायब झाला तर ती दिवाळखोरी नाही. मग फार अवघड.

गोदाकाठची

पुन्हा अपडेट. एकॅसच्या माणसाने कंपनीला फोन केल्यावर रोट्यात अचानक कॉल दिसायला लागले. कौन्सिलकडे पॅकेजेस आली वाटतं! पार्टनरशिपकडून दोन ठिकाणची नावं मिळाली, एका केअर होममध्ये मुलाखत झाली. अजून सीओएस हातात नाही.

आज कंपनीने निरोप पाठवलाय: १,५०० पौंड देतो, सही करून विषय मिटवा. नवरा म्हणतो घेऊन टाक. मावळेभाऊही तेच म्हणतील.

मिडलँडचा मावळा

नाही ताई. आता मीही म्हणतो, थोडं ताणा. 😀

पेस्लिप

आधी हिशोब करू. २०२५-२६ मध्ये तुम्हाला ज्या दराने मिळाले तोच, तासाला १२.२१ धरते. साडेसदतीस तासांचे ४५७.८८ पौंड. बारा तासांचे मिळतात १४६.५२. दर आठवड्याला ३११ पौंडांचा खड्डा. सहा महिने असंच चाललं असेल तर आठ हजारांच्या वर जातं, कॉलमधल्या प्रवासाचा वेळ अजून धरलेलाच नाही. १,५०० म्हणजे पाच आठवड्यांचेसुद्धा पुरे नाहीत.

एकॅसमार्फत तडजोड झाली की सीओटी-थ्री नावाचा कागद होतो, आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. सही केलीत की त्यात लिहिलेला दावा पुन्हा काढता येत नाही. तेव्हा उलट प्रस्ताव पाठवा, आठवडानिहाय तक्ता जोडून. त्या कागदात दोन ओळी घालायला सांगा: रेफरन्स काय देणार, आणि होम ऑफिसला तुमच्याबद्दल 'गैरहजर' असं कळवणार नाही, कळवलं असेल तर दुरुस्त करणार. तक्ता बनवायला एक्सेल लागत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, माझ्याकडे तयार आहे.

हळदीचं दूध

मलाही पाठवा ना ताई. करार उघडला. ले-ऑफचं कलम त्यात नाहीच.